रोजच्या गाडीचं इंजिन बदलताना : धूर, कायदा आणि विज्ञानाचा एक पाठ



आजचा पाठ माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेला आहे, म्हणून सुरुवात चुकीपासूनच करतो.

गेल्या वर्षी शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी हडपसरहून सासवडच्या बाजूला शाळेत जातो. जाऊन-येऊन रोजचे साधारण 55 किलोमीटर होतात. दिवे घाट चढताना गाडीच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. थांबायला हवं होतं. पण पहिला तास माझा होता, आणि "एवढा घाट तर चढू दे" असं म्हणत मी पाय दाबतच राहिलो. कूलंटचा पाइप आधीच गळत होता, तेही मला ठाऊक होतं. घाटमाथ्यावर पोहोचता पोहोचता बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली ती पडलीच.

मेकॅनिकनं इंजिन खोलून दाखवलं. हेड वाकलेलं, गॅसकेट गेलेलं आणि ब्लॉकला तडा. म्हणाला, "सर, याच्यावर खर्च करू नका. दुसरं इंजिनच बसवू." मग आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "माझ्याकडे मोठं इंजिन पडलंय. बसवू या. सायलेन्सरमधला कॅटपण काढून टाकतो, पिकअप बघा कसा येतो. पीयूसीचं बघून घेऊ."

ही शेवटची चार वाक्यं म्हणजेच आजचा पाठ. मोठं इंजिन बसवायला काय हरकत आहे? 'कॅट' म्हणजे काय आणि तो काढला तर कोणाचं काय बिघडतं? पीयूसीचं 'बघून घेऊ' म्हणजे नक्की काय? मी विज्ञान शिकवतो, पण त्या क्षणी या प्रश्नांची पूर्ण उत्तरं माझ्याकडे नव्हती. ती शोधताना जे हाती आलं ते इथे मांडतो. तुमच्यापैकी बरेच जण जुनी गाडी रोज वापरतात, त्यांना उपयोग होईल. आणि नववी-दहावीच्या वर्गात ऑक्सिडीकरण, क्षपण, उत्प्रेरक शिकवताना हे उदाहरण मुलांना फार लवकर पटतं, हा माझा अनुभव आहे.

१. इंजिन एकटं नसतं

आपण 'इंजिन' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर एक लोखंडी ठोकळा येतो. प्रत्यक्षात आजच्या पेट्रोल गाडीत इंजिन हा एका साखळीतला फक्त एक दुवा आहे. साखळी अशी :

हवा आत येते, ती मोजली जाते. तेवढ्या हवेला किती पेट्रोल लागेल ते गाडीचा छोटा संगणक, म्हणजे ईसीएम, ठरवतो. इंजेक्टर तेवढंच पेट्रोल फवारतो. सिलिंडरमध्ये ज्वलन होतं. जळालेला वायू बाहेर पडताना ऑक्सिजन सेन्सर त्यात किती ऑक्सिजन उरलाय ते बघतो आणि ईसीएमला कळवतो. ईसीएम पेट्रोल कमी-जास्त करतो. त्यानंतर तो वायू कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो. गॅरेजमधला 'कॅट' तो हाच. कॅटच्या पुढे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असेल तर तो कॅट नीट काम करतोय का यावर लक्ष ठेवतो. काही बिघडलं की डॅशबोर्डवर पिवळा 'चेक इंजिन' दिवा लागतो.

याशिवाय टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून कोळशाची एक डबी असते. ती वाफ धरून ठेवते आणि नंतर इंजिनाला परत देते. इंजिनाच्या पोटात साचणारे वायू पुन्हा सिलिंडरकडे वळवणारी एक नळीही असते.

आता सांगा, यातलं फक्त इंजिन काढून दुसरं बसवलं आणि बाकी साखळी तशीच ठेवली, किंवा मधला एखादा दुवा फेकून दिला, तर काय होईल? ईसीएम जुन्या इंजिनाच्या हिशेबानं पेट्रोल देत राहील. मिश्रण चुकेल. मिश्रण चुकलं की कॅट काम करणार नाही. म्हणजे बदलला एक भाग, पण बिघडली सगळी साखळी.

मला या पाठातून एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही : इंजिन बदलायचं म्हणजे त्याची धूर साफ करणारी पूर्ण साखळी त्याच्यासोबत जुळली पाहिजे. कायदाही शेवटी हेच सांगतो, आणि विज्ञानही.

२. कॅटमध्ये काय घडतं?

पेट्रोल पूर्ण जळालं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. पण सिलिंडरमध्ये ज्वलनाला मिळणारा वेळ सेकंदाच्या काही सहस्रांशांइतकाच असतो. त्यामुळे थोडं पेट्रोल अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. थोडं जळतच नाही, ते हायड्रोकार्बन म्हणून बाहेर पडतं. शिवाय आतल्या प्रचंड उष्णतेमुळे हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात.

तिन्ही घातक आहेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरून ठेवतं. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की जमिनीलगत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसमधलं डोळे चुरचुरवणारं धुरकं यातूनच तयार होतं, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानं 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं.

कॅट म्हणजे स्टीलच्या डब्यात बसवलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. हे धातू उत्प्रेरक आहेत. ते स्वतः खर्च होत नाहीत, पण अभिक्रिया घडवून आणतात. कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन मिळून त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हायड्रोकार्बनचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. हे झालं ऑक्सिडीकरण. नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन काढून घेतला जातो आणि साधा नायट्रोजन उरतो. हे झालं क्षपण. एकाच डब्यात दोन्ही!

पण याला दोन अटी आहेत. एक, कॅट गरम हवा. साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसच्या पुढे तो खऱ्या अर्थानं कामाला लागतो. दोन, हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण नेमकं हवं : वजनानं 1 भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा. पेट्रोल जास्त झालं तर ऑक्सिडीकरणाला ऑक्सिजन पुरत नाही. हवा जास्त झाली तर क्षपण होत नाही. ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीएम सेकंदासेकंदाला हे प्रमाण सांभाळत असतात.

कॅट मरतो कशानं? इंजिन मिसफायर करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. रिंगा झिजून इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधल्या फॉस्फरसचा थर उत्प्रेरकावर चढतो. गॅसकेट गेल्यामुळे कूलंट सिलिंडरमध्ये शिरलं तरी सेन्सर आणि कॅट खराब होतात. माझ्या गाडीत हेच झालं होतं. शिसंही कॅटचा शत्रूच. भारतात 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला, तेव्हा बिनशिश्याचं पेट्रोलही आणावं लागलं. पुढे 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. तंत्र आणि इंधन दोन्ही एकत्र बदलावं लागतं, याचं हे सुंदर उदाहरण आहे.

एक गोष्ट मुलांना प्रामाणिकपणे सांगा. कॅट कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाणारच. त्यावर उपाय एकच, कमी पेट्रोल जाळणं.

आणि पिकअप? जाळी तुंबलेली असेल तर गाडी ओढत नाही, हे खरं. पण तेव्हा कॅट काढायचा नसतो, तो का तुंबला ते शोधायचं असतं. चांगल्या स्थितीतला कॅट काढून रोजच्या गाडीला जाणवण्यासारखं काही मिळत नाही. आवाज वाढतो आणि आपल्याला वाटतं जोर वाढला.

३. पीयूसी ही घटक चाचणी आहे

आपल्या भाषेत सांगायचं तर पीयूसी म्हणजे घटक चाचणी, वार्षिक परीक्षा नव्हे.

वार्षिक परीक्षा होते कारखान्यातून गाडी बाजारात येण्याआधी. इंजिन, ईसीएम, कॅट असा पूर्ण संच बसवलेली गाडी मोठ्या रोलरवर ठरलेल्या पद्धतीनं चालवतात आणि सगळे घातक वायू मोजतात. पुण्यातली एआरएआय ही असं काम करणारी संस्था. वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना ती माहीत असते, पण आत काय चालतं ते आपण मुलांना क्वचितच सांगतो. तिथे पास होतो तो पूर्ण संच, सुटं इंजिन नाही. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 मानक आहे. त्याआधी बीएस-4 हे 2010 मध्ये मुंबई, पुणे, सोलापूरसह 13 शहरांत आलं आणि 2017 मध्ये देशभर लागू झालं.

पीयूसीत पेट्रोल गाडी जागेवर उभी करून धुराड्यात नळी घालतात. बीएस-4 चारचाकीला सावकाश चालणाऱ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत 200 भाग एवढी मर्यादा आहे. त्याआधीच्या, बीएस-2 आणि बीएस-3 चारचाकींना 0.5 टक्के आणि 750 भाग. त्याहूनही जुन्यांना 3 टक्के आणि 1500 भाग. म्हणजे खूप जुन्या आणि बीएस-4 गाडीच्या कार्बन मोनॉक्साइडच्या मर्यादेत दहापट फरक आहे.

नायट्रोजनची ऑक्साइडं या चाचणीत मोजलीच जात नाहीत. म्हणून 'पीयूसी मिळाली म्हणजे गाडी स्वच्छ' असं म्हणणं हे घटक चाचणीत पास झालेल्या मुलाला वार्षिक निकाल देऊन टाकण्यासारखं आहे. आणि नळी न घालताच प्रमाणपत्र घेणं म्हणजे काय, ते तुम्हा शिक्षकांना मी सांगायला नको. आपण कॉपीविरुद्ध भाषण देतो आणि शाळेबाहेर गाडीच्या कागदावर कॉपी करतो, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

४. कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम 1988 मधलं कलम 52 वाहनात बदल करण्याबद्दल आहे. त्याचा गाभा असा : नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला यात वाट ठेवली आहे, पण तीही ठरलेल्या अटींवर. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ असाच कडक लावला.

म्हणजे मेकॅनिकनं सुचवलेलं मोठं इंजिन? ते बसवलं की आरसीवरची घनक्षमता आणि प्रत्यक्षातली घनक्षमता वेगळी. तो मार्ग बंद. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर गाडीचा तपशील तोच राहतो, फक्त इंजिन क्रमांक बदलतो. तो परिवहन कार्यालयाच्या मंजुरीनं आरसीवर चढवून घ्यावा लागतो. बदल कळवायला कलमात 14 दिवसांची मुदत आहे. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती आधी घ्यावी. विमा कंपनीलाही नवा इंजिन क्रमांक लेखी कळवावा, नाहीतर अपघात झाल्यावर कागद एक बोलतात आणि गाडी दुसरंच.

दंड किती? 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाचं मानक मोडलं तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने वाहन चालवायचा परवाना अपात्र.

५. तेच मॉडेल, तरी वेगळं इंजिन!

मोठं इंजिन नको म्हटल्यावर मेकॅनिकनं दोन दिवसांत दुसरं शोधलं. "सर, सेम मॉडेल, सेम साल, 2012. आता तरी नाही म्हणू नका."

मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण इंजिन ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत मागितली. ती गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली, बीएस-3 होती. माझी पुण्यात नोंदलेली, बीएस-4. वर सांगितलेला 2010 ते 2017 चा काळ आठवा. शहरांत एक मानक आणि बाकी महाराष्ट्रात दुसरं, अशी सात वर्षं गेली. त्या काळात काही मॉडेलं दोन्ही रूपांत रस्त्यावर होती. बाहेरून ठोकळा सारखाच दिसतो. आत ईसीएमची आखणी, सेन्सर, कॅट यांत फरक असू शकतो. ते इंजिन त्याच्या सगळ्या साखळीसकट बसवलं असतं, तर माझी गाडी कागदावर बीएस-4 आणि धुरात बीएस-3 झाली असती.

म्हणून जुनं इंजिन घेणाऱ्या प्रत्येकानं साल आणि मॉडेल यांच्याबरोबर उत्सर्जन मानक तपासावं.

ज्यांना वाटतं की नियम पाळायचे म्हणजे इंजिन बदलायचंच नाही, त्यांनी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची पद्धत बघावी. तिथे वेगळ्या प्रकारचं इंजिन बसवायलाही परवानगी आहे, पण अटी स्पष्ट आहेत. नवं इंजिन गाडीच्याच सालचं किंवा त्यानंतरचं हवं, आधीचं नको. ते त्याच वर्गातल्या वाहनाचं हवं, सैल मानकाच्या मालवाहू गाडीचं कारमध्ये चालत नाही. इंजिनासोबत त्याची धूर साफ करणारी सगळी यंत्रणा यायला हवी. आणि शेवटी सरकारनं नेमलेला 'रेफरी' गाडी तपासून त्यावर चिठ्ठी लावतो. पुढच्या तपासणीत ती चिठ्ठी बघितली जाते. आपला कायदा त्याहून आखूड वाट देतो, पण तत्त्व तेच आहे : गाडी आधी होती त्याहून घाण करायची नाही.

६. काम कसं झालं

तिसरं इंजिन मिळायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस मी एसटीनं गेलो. पहिला तास तीनदा चुकला. ज्या तासासाठी घाटात थांबलो नाही, त्याची अशी फेड झाली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर हा क्रम उपयोगी पडेल :

• आधी परिवहन कार्यालयात जाऊन कागदांची यादी विचारून घ्या. इंजिन विकत घेतल्यानंतर विचारू नका.
• इंजिनाची पावती, त्यावर इंजिन क्रमांक, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन गळ्यात पडलं तर सगळंच संपलं.
• घनक्षमता, इंधन, उत्सर्जन मानक आणि इंजिनाचा प्रकार आपल्या आरसीशी ताडून बघा.
• बसवण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा. ऑइल जाळणारं इंजिन चांगला कॅटही मारून टाकेल.
• आपला कॅट आणि ऑक्सिजन सेन्सर तपासा. माझा सेन्सर कूलंटनं गेला होता, तो नवा घेतला. कॅट उघडून बघितला, जाळी शाबूत होती.
• इंजिन बदललं तरी आपली मूळ वायरिंग, ईसीएम, कोळशाची डबी, वाफेच्या नळ्या सगळं जागच्या जागी जोडलंय का ते स्वतः उभं राहून बघा. 'ही नळी लागत नाही' असं कोणी म्हटलं तर ती नळी कशाची ते विचारा.
• 'चेक इंजिन' दिवा किल्ली फिरवल्यावर लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, हे बघा. मुळात लागतच नसेल तर कोणीतरी त्याची वायर काढली असेल.
• थोडी गाडी चालवून, इंजिन नीट गरम झाल्यावर पीयूसी करा आणि आकडे वाचा. नुसता शिक्का बघू नका.

माझ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. मग तपासणी झाली, आरसीवर नवा क्रमांक चढला. मोठ्या इंजिनाच्या 'जुगाडा'पेक्षा माझे पैसे आणि दिवस नक्कीच जास्त गेले. स्वस्तात झालं असं खोटं सांगणार नाही.

७. वर्गात हा पाठ कसा घ्यावा

मी ही सगळी गोष्ट दहावीच्या वर्गात सांगितली. "मेकॅनिक म्हणाला कॅट काढू" या वाक्यावर काही मुलं हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "सर, माझे पप्पापण काढतात. पण ते स्वतःहून नाही काढत. गिऱ्हाईकच मागतं."

मी गप्प झालो. मी अजाणता तिच्या वडिलांना वर्गासमोर उभं केलं होतं. आपल्या वर्गात गॅरेजवाल्यांची, पीयूसी केंद्रावर काम करणाऱ्यांची, टेम्पो चालवणाऱ्यांची मुलं बसलेली असतात. आणि तिचं म्हणणं खरं होतं. मागणारे आपण असतो. गाडीत बसणारे, पिकअप हवा असणारे, दोनशे-चारशे रुपये वाचवणारे आपण. मेकॅनिक तर फक्त पाना फिरवतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझं वाक्य दुरुस्त केलं. "घाटात गाडी पळवून इंजिन मी मारलं. मेकॅनिकनं फक्त लोक जे मागतात ते मला देऊ केलं." आणि त्या मुलीच्या वडिलांना निरोप पाठवला, तुमच्याकडे फुटलेला जुना कॅट असेल तर मुलांना दाखवायला याल का?

ते आले. कामाचेच कपडे, हातात गोणपाटात गुंडाळलेला कॅट. सुरुवातीला दारातच उभे राहिले. मग जाळी मुलांच्या हातात दिली आणि अर्धा तास बोलले. वितळलेली बाजू दाखवून म्हणाले, "हे मिसफायरनं झालंय. प्लग वेळेवर बदलला असता तर एवढं महाग सामान वाचलं असतं." उत्प्रेरकावरचं माझं कुठलंही व्याख्यान मुलांनी इतक्या शांतपणे ऐकलेलं नाही.

तुमच्या वर्गासाठी तीन छोट्या कृती :

कृती एक. मेणबत्तीच्या ज्योतीत स्टीलचा चमचा धरा. काजळी दिसेल. हे अपूर्ण ज्वलन. नंतर चमचा ज्योतीच्या बराच वर धरा आणि फरक विचारा.

कृती दोन. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड एका ग्लासात घ्या आणि त्यात कच्च्या बटाट्याचा तुकडा टाका. फेस येईल. बटाट्यातलं विकर उत्प्रेरकाचं काम करतं. तोच तुकडा दुसऱ्या ग्लासातल्या ताज्या द्रावणात टाकला तर पुन्हा फेस येतो. 'उत्प्रेरक खर्च होत नाही' हे डोळ्यांना दिसतं.

कृती तीन, गणिताची. एक लिटर पेट्रोल साधारण 0.74 किलो भरतं. त्याला 14.7 पट हवा, म्हणजे सुमारे 10.9 किलो. एक घनमीटर हवा सुमारे 1.2 किलो, म्हणून साधारण 9 घनमीटर. आता वर्ग मोजा. 6 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 3 मीटर उंच असेल तर 108 घनमीटर. म्हणजे 12 लिटर पेट्रोल जाळलं की वर्गभर हवा इंजिनातून जाऊन येते. माझी गाडी लिटरला 16 किलोमीटर देते आणि रोज 55 धावते. किती दिवसांत आपला वर्ग 'गिळते'? उत्तर साडेतीन दिवस येतं. मुलं हे उत्तर विसरत नाहीत.

एक सूचना : चालू गाडीच्या धुराड्याजवळ मुलांना कधीही उभं करू नका आणि बंद जागेत गाडी सुरू ठेवून काही दाखवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे पुन्हा सांगतो.

पालकांना एक विनंती. पुढच्या वेळी पीयूसीला जाताना मुलाला सोबत न्या. नळी घातली जातेय का ते त्याला बघू द्या, कागदावरचे आकडे त्याला वाचायला लावा. आणि कोणी "राहू द्या साहेब, असंच देतो" म्हणालं, तर तुम्ही काय उत्तर देता तेही त्याला ऐकू द्या. तो पाठ आम्हा शिक्षकांना घेता येत नाही, तो तुमचाच आहे.

माझी गाडी आता पुन्हा रोज दिवे घाट चढते. काटा जरा हलला तरी मी कडेला थांबतो. पहिला तास चुकतो कधीकधी. मुलांना कारण माहीत असतं.